समुदायाचें छायाचित्र

आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं, भिंतीवर नाहीं तर पेटीच्या तळाशीं, एखादें मोठें छायाचित्र असेलच. तें शाळेच्या वर्गाचें असेल, कचेरींतील मंडळींचें असेल, लग्नाच्या वऱ्हाडाचें असेल किंवा एखाद्या संमेलनाचें असेल. असें छायाचित्र हातीं आलें म्हणजे मनुष्य प्रथम काय पाहतो? मधोमध खुर्चीवर बसलेले अध्यक्ष त्याला दिसत नाहींत, मागची कमानही दिसत नाहीं. तो आधीं स्वतःचा चेहरा शोधतो. तो सांपडला कीं मग मित्राचा, शेजाऱ्याचा, आणि सर्वांच्या शेवटीं अध्यक्षांचा! या साध्या मनुष्यस्वभावांतच माझ्या आजच्या विषयाचें सारें शास्त्र सांठविलेलें आहे. मोठ्या समुदायाचें छायाचित्र साधलें कीं बिघडलें याची कसोटी मधल्या खुर्चीवर लागत नाहीं. ती शेवटच्या रांगेच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसावर लागते. त्याला आपलें तोंड ओळखूं आलें तर चित्र साधलें.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे आज दोन जिल्हे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता. या वनप्रदेशांतील शाळांतून माझी सारी नोकरी झाली, आणि दरसाल फोटोच्या दिवशीं मुलांना व मंडळींना उभें करण्याचें काम माझ्याकडे येत असे. छायाचित्रकार मी नव्हे. कळ दाबणारा दुसराच कोणी असे. परंतु कळ दाबण्याचें काम एका निमिषाचें, आणि त्यापूर्वींचें काम आठ दिवसांचें असतें. त्या आठ दिवसांविषयीं मी बोलणार आहें.

ही कला आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईस छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्या सभासदांत होते. पुढें २८ डिसेंबर १८८५ रोजीं गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेंत राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन भरलें. त्याला ७२ प्रतिनिधी आले होते, आणि त्या वेळचें छायाचित्र आपण पाठ्यपुस्तकांतून पाहिलें आहे. कांहीं बसलेले, कांहीं उभे, रांगेमागें रांग, ही रचना आजही बदललेली नाहीं. १९२७ सालीं ब्रुसेल्स येथें सॉल्व्हे परिषदेस जमलेल्या २९ शास्त्रज्ञांचें छायाचित्रही असेंच आहे. त्यांपैकीं १७ जणांना नोबेल पारितोषिक आधीं मिळालेलें होतें किंवा पुढें मिळालें. पण त्या चित्राचें मोल एवढ्यानेंच ठरत नाहीं. त्या २९ पैकीं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून त्याचें नांव सांगतां येतें, हें त्याचें खरें मोल.

याच्या अगदीं उलट उदाहरण १९१८ सालचें आहे. आर्थर मोल नांवाच्या छायाचित्रकारानें अमेरिकेंतील ओहायो प्रांताच्या एका लष्करी छावणींत २१,००० शिपाई मैदानावर अशा युक्तीनें उभे केले कीं उंच मनोऱ्यावरून पाहतां त्या सर्वांचें मिळून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचें मुख दिसावें. कौशल्य अचाट खरें! दूरचा भाग भिंगांत आकसतो म्हणून त्यानें तिकडे अधिक माणसें घातलीं आणि जवळच्या भागांत थोडीं ठेवलीं. परंतु त्या चित्रांत एक मोठा चेहरा दिसतो आणि एकवीस हजार चेहरे हरपतात. कोणा शिपायाच्या आईनें तें चित्र घरीं लावलें असेल, तर आपला मुलगा राष्ट्राध्यक्षांच्या भुवईंत आहे कीं कॉलरांत आहे हेंही तिला कळलें नसेल. आपल्याला असें चित्र नको आहे.

आतां व्यवहाराकडे वळूं. पहिला प्रश्न दिवसाचा. आमच्या चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हां एप्रिल-मे महिन्यांचा विचारही करूं नये. पावसाळ्यांत नाले भरले कीं आंतील गांवांचे रस्ते तुटतात आणि निम्मीं माणसें पोंचतच नाहींत. उरले हिवाळ्याचे महिने. त्यांतही वैनगंगेच्या किंवा इरईच्या कांठीं पहाटेचें धुकें बराच वेळ रेंगाळतें. म्हणून सकाळीं नऊच्या सुमारास किंवा दुपारीं चारनंतरची वेळ धरावी. भर दुपारीं ऊन डोक्यावर असलें म्हणजे डोळ्यांच्या खोबणींत काळोख पडतो आणि नाकाखालीं मिशी उगवल्यासारखी सावली येते. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशीं ठेवावा असें पूर्वीं सांगत. पण मग समोरचे सारे लोक डोळे मिचकावतात. आकाशांत पातळ ढग असला तर तो दिवस सोन्याचा. तसा नसला तर सावली शोधावी.

सावलीचीही पारख असावी लागते. आमच्याकडे साग विपुल. डिसेंबरांत एखाद्या सागाच्या राईखालीं जागा हेरून ठेवली आणि समारंभ मार्चांत गेला, तर तेथें सावली उरलेली नसते, कारण तोंपर्यंत साग पानें टाकतो. विरळ पानांची सावली तर उन्हाहून वाईट; तिच्यामुळें प्रत्येकाच्या तोंडावर कवडसे पडतात आणि सारी मंडळी देवी निघाल्यासारखी दिसते. वड किंवा चिंच यांची सावली घट्ट असते. त्याहून चांगली सावली शाळेच्या लांब इमारतीची. सकाळीं ती पश्चिमेस पडते, दुपारीं पूर्वेस. जागा ठरवितांना, ज्या वेळीं फोटो काढावयाचा त्याच वेळीं आदल्या दिवशीं तेथें जाऊन उभें राहावें, आणि सर्व मंडळी सावलींत मावते कीं नाहीं तें पावलांनीं मोजावें.

पुष्कळांना वाटतें कीं पाठीमागें कांहीं ऐतिहासिक असावें. चंद्रपूरला गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार मोठे दरवाजे आहेत. मोह होतो खरा. परंतु दरवाजा सबंध चित्रांत आणावयाचा तर कॅमेरा इतका मागें न्यावा लागतो कीं माणसें मुंग्यांएवढीं होतात. दरवाजाचें चित्र वेगळें काढावें, माणसांचें वेगळें. शिवाय या दरवाजांतून रहदारी असते आणि जुनी वास्तु संरक्षित असते. तेथें कांहीं करावयाचें तर संबंधित खात्यास आधीं विचारावें, आणि तटावर तर कोणालाही चढूं देऊं नये. घाटाच्या किंवा देवळाच्या पायऱ्या मात्र समुदायासाठींच बांधल्यासारख्या असतात. प्रत्येक पायरी ही आयती रांग. १२ ऑगस्ट १९५८ रोजीं न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तींत आर्ट केन यानें ५७ जॅझ वादकांचें जें प्रसिद्ध छायाचित्र घेतलें, त्यांतही एका साध्या घराच्या पायऱ्यांचा असाच उपयोग झाला. त्यांत काउंट बेसी हा थोर वादक रस्त्याच्या कडेला, वस्तींतील पोरांच्या पंक्तीला खुशाल बसलेला आहे!

आतां थोडें गणित. शिक्षकाला गणिताशिवाय करमत नाहीं, याची आपण क्षमा करावी. किंचित् तिरका उभा राहिलेला मनुष्य सुमारें ४५ सेंटिमीटर जागा घेतो. दोनशें माणसें आहेत असें धरा. चाळीस-चाळीसांच्या पांच रांगा केल्या तर रांग १८ मीटरांची होते. नेहमींच्या ५० मिलिमीटरांच्या भिंगानें ती टिपावयाची तर कॅमेरा सुमारें २५ मीटर दूर न्यावा लागतो. म्हणजे तेवढें मोकळें पटांगण हवें. तें नसलें म्हणजे लोक रुंद दृष्टीचें भिंग वापरतात, आणि मग दोन्ही टोकांचीं डोकीं ताणून भोपळ्यासारखीं होतात.

समजा, आपण या चित्राची दीड फूट रुंदीची प्रत काढली. १८ मीटरांची रांग तींत मावली तर प्रत्येक चेहरा साधारण मुगाच्या दाण्याएवढा येईल. मुगाएवढा चेहरा ओळखतां येतो. पण आळसानें शंभर-शंभरांच्या दोनच रांगा केल्या तर रांग ४५ मीटरांची होईल आणि चेहरा मोहरीएवढा होईल. मोहरीएवढ्या चेहऱ्यांत आई मुलाला ओळखणार नाहीं. आजच्या कॅमेऱ्यांतही हिशेब तोच. चित्राच्या रुंदींत ६००० बिंदु असले तर चाळीसांच्या रांगेंत एका चेहऱ्याच्या रुंदीस सुमारें ५० बिंदु येतात, शंभरांच्या रांगेंत अवघे २०. म्हणून नियम असा: रांगा वाढवाव्या, रुंदी कमी करावी. पंचवीस-पंचवीसांच्या आठ रांगा झाल्या तर उत्तम.

रांगा वाढवावयाच्या तर उंची लागते. पहिली रांग सतरंजीवर, दुसरी बांकांवर, तिसरी जमिनीवर उभी, चौथी बांकांवर उभी, पांचवी टेबलांवर. त्याहून अधिक रांगा हव्या तर पायऱ्याच पाहाव्या, नाहीं तर कॅमेरा पहिल्या मजल्याच्या गच्चीवर किंवा भक्कम घोडीवर चढवावा. तीन मीटर उंचीवरून पाहिलें कीं मागचे चेहरे पुढच्या डोक्यांवरून मोकळे दिसतात. बांक व टेबलें आदल्या दिवशीं एकमेकांस दोरीनें बांधून, वर चार धट्टींकट्टीं माणसें उभीं करून पारखावीं. टोकाला लहान मूल कधींही चढवूं नये.

रांग सरळ रेषेंत नसावी. चंद्रकोरीसारखी दोन्ही टोकें थोडीं पुढें घ्यावीं, म्हणजे टोकाचा मनुष्य आणि मधला मनुष्य भिंगापासून सारख्याच अंतरावर येतात. पांच रांगा असतील तर नेम दुसऱ्या रांगेवर धरावा आणि भिंगाचें छिद्र आठ किंवा अकरा आंकड्यावर ठेवावें. पुढचे-मागचे सारेच स्पष्ट येतात. आणि मंडळींना एकच सूचना द्यावी: ज्याला आपल्या दोन्ही डोळ्यांनीं कॅमेरा दिसत नाहीं, तो कॅमेऱ्यालाही दिसत नाहीं. ही सूचना पहिलीच्या मुलालाही कळते आणि तो आपण होऊन फट शोधतो.

उभें करण्याचा क्रमही ठरलेला असावा. उंचीप्रमाणें ओळ आधींच लावून ठेवावी. मागची रांग प्रथम भरावी, पुढची शेवटीं. वृद्ध, आजारी, लेकुरवाळ्या बायका यांना सर्वांच्या शेवटीं बोलवावें आणि सर्वांच्या आधीं मोकळें करावें. पिण्याचें पाणी जवळ असावें. हुकूम देणारा मनुष्य एकच असावा. चौघे ओरडूं लागले कीं समुदायाची जत्रा होते. पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लोकांना तिष्ठत ठेवूं नये, कारण त्यापुढें चेहऱ्यावर हंसूं राहत नाहीं, नुसते दांत राहतात.

राहिली डोळ्यांची गोष्ट. माणूस मिनिटाला दहा-पंधरा वेळां तरी पापणी लववितो. दर लवणीस पाव सेकंद धरला तरी शंभर क्षणांपैकीं चार क्षण त्याचे डोळे मिटलेले असतात. म्हणजे दोनशेंच्या समुदायांत, कोणत्याही एका क्षणीं, सुमारें आठजणांचे डोळे मिटलेलेच असणार! ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं याचाच हिशेब मांडला आणि त्यांना २००६ सालीं इग्नोबेल नांवाचें गमतीचें पारितोषिक मिळालें. वीसांहून कमी माणसें असतील तर, उजेड चांगला असतांना, माणसांच्या संख्येला तीनानें भागून येतील तितके फोटो काढावे, असा त्यांचा ठोकताळा. मोठ्या समुदायांत मात्र सर्वांचे डोळे एकदम उघडे मिळण्याची आशा जवळजवळ नसतेच. म्हणून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून भराभर पंधरा-वीस चित्रें घ्यावीं. एका चित्रांतील मिटलेल्या डोळ्यांच्या जागीं पुढच्याच क्षणाच्या चित्रांतील उघडे डोळे बसविणें आज सोपें झालें आहे, आणि त्यांत मला असत्य दिसत नाहीं. माणूस तोच, जागा तीच. पण जो आलाच नाहीं त्याला रांगेंत आणून उभें करणें हें असत्य होय. जुने छायाचित्रकार गैरहजर माणसाचा लहानसा लंबगोल फोटो वरच्या कोपऱ्यांत चिकटवीत. ती रीत मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यांत तो आपला आहे हेंही कळतें आणि त्या दिवशीं तो नव्हता हेंही कळतें.

श्रोतेहो, येथवर भिंगाचें शास्त्र झालें. आतां माणसांचें शास्त्र. गांवसभेला लोक वर्तुळांत बसतात तेव्हां पहिला कोण आणि शेवटचा कोण हें सांगतां येत नाहीं. कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा असतो. त्याच्यासमोर कोणी पुढें येतो, कोणी मागें जातो. फोटोची रांग लावणारा मनुष्य नकळत मानाची वांटणी करीत असतो, म्हणून त्यानें जपून असावें. बांक वाहून आणणारा शिपाई, खिचडी शिजविणारी बाई, रात्रीं शाळेंत निजणारा राखणदार, यांना फोटोच्या वेळीं बाजूला उभें राहण्याची संवयच लागलेली असते. त्यांना हाक मारून आंत घ्यावें, आणि त्यांच्यासाठीं जागा आधींच मोजून ठेवावी. ऐन वेळीं कोपऱ्यांत कोंबलेला माणूस चित्रांतही कोंबलेलाच दिसतो.

आमच्या प्रदेशांत या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १८६८ ते १८७५ या काळांत सरकारी आश्रयानें हिंदुस्थानांतील लोकांविषयीं छायाचित्रांचे आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत माणसें आहेत, पण बहुधा जातीचे किंवा जमातीचे नमुने म्हणून. त्या माणसाला घरीं काय म्हणत हें आपल्याला क्वचितच कळतें. ती दृष्टि अद्याप पुरती गेलेली नाहीं. गोंड आणि माडिया मंडळींच्या नाचाचे फोटो काढावयास दुरून लोक येतात, ढोल आणि पिसें टिपून घेऊन जातात, आणि ज्यांचे फोटो काढले त्यांच्या हातीं एकही प्रत येत नाहीं. म्हणून मी असें म्हणतों कीं कोणत्याही गांवीं समुदायाचें चित्र काढण्यापूर्वीं गांवाला विचारावें, आणि प्रत प्रत्येक घरीं पोंचविण्याचा खर्च आधीं बाजूला काढून मगच कॅमेरा उघडावा. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. तेथें ग्रामसभा सर्वांच्या संमतीनें निर्णय करते. ज्या लोकांची वनाविषयीं संमति घ्यावी लागते, त्यांच्या तोंडाविषयीं ती घेऊं नये काय?

प्रतीचें आणि नांवांचें महत्त्व मला एका प्रसंगानें कायमचें पटलें. भामरागडच्या बाजूच्या एका खेड्यांतून एक बाई एकदां आमच्या शाळेंत आली. तिला मराठी येत नव्हतें. बरोबर भाचा होता, तो सांगत होता. तिचा मुलगा कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे पांचवींत होता आणि पुढें घरीं तापानें गेला. “गुरुजी, शाळेच्या फोटोंत तो आहे असें म्हणतात,” भाचा म्हणाला. बाईनें मुलाचें नांव सांगितलें, पण तें दप्तरांत कोठेंच नव्हतें. आमच्याकडच्या कितीतरी मुलांचें घरचें नांव एक आणि दप्तरांतलें नांव दुसरें असतें. परंतु फोटोच्या पाठीमागें दोन्ही नांवें लिहिण्याची आमच्या शाळेंत रीत होती. चौकट उतरविली, मागचा कागद वाचला: तिसरी रांग, डावीकडून नववा. मुगाएवढा चेहरा! गांवांतील छायाचित्रकारानें तेवढ्याच भागाचें चित्र घेऊन तळहाताएवढें मोठें करून दिलें. तें थोडें अंधुक आलें. बाईनें तें बराच वेळ पाहिलें, पदरांत गुंडाळलें, आणि कांहीं न बोलतां ती भाच्याबरोबर बसच्या थांब्याकडे चालूं लागली. त्या मुलाचें दुसरें चित्र जगांत नव्हतें.

त्या दिवशीं त्या रांगेंत पन्नासच्या ऐवजीं शंभर मुलें उभीं केलीं असतीं, किंवा मागें नांवें लिहावयाचा कंटाळा केला असता, तर त्या बाईला रिकाम्या हातीं परत जावें लागलें असतें. आपण फोटो काढतों तेव्हां तो समारंभाची आठवण म्हणून काढतों. परंतु कोणत्या चेहऱ्यासाठीं त्याची गरज लागेल हें त्या दिवशीं कोणालाच ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक चेहरा सारख्याच काळजीनें घ्यावयाचा.

नांवें लिहिण्याची पद्धत सोपी आहे. फोटो झाला त्याच दिवशीं, मंडळी जागेवरून हलण्यापूर्वीं, दोन मुलांनीं वही घेऊन प्रत्येक रांगेजवळून जावें. पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे नांवें लिहावीं. ज्याला ज्या नांवानें हांक मारतात तें नांव आणि दप्तरांतलें नांव, अशीं दोन्ही. स्थळ, तारीख, प्रसंग लिहावा, आणि कॅमेऱ्यामागें उभा असलेल्या माणसाचेंही नांव लिहावें, कारण तो चित्रांत दिसणार नाहीं. प्रतीच्या पाठीवर शाईनें घासून लिहूं नये, नाहीं तर अक्षरें पुढच्या बाजूस उमटतात. वेगळ्या कागदावर लिहून तो चौकटींत मागें ठेवावा. हल्लीं फोटो दूरध्वनीच्या यंत्रांतच राहतात आणि यंत्राबरोबर जातात. त्यांची निदान एक कागदी प्रत शाळेंत किंवा ग्रामपंचायतींत असावी.

आणि शेवटीं आपणां सर्वांना एक विनंति. आपल्या घरीं जो जुना समुदायाचा फोटो आहे तो आज रात्रीं भिंतीवरून उतरवावा. घरांत जें कोणी सर्वांत वडील मनुष्य असेल त्याच्याजवळ दिव्याखालीं बसावें आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारावें, “हे कोण?” जेवढीं नांवें आठवतील तेवढीं लिहून घ्यावीं; जीं आठवणार नाहींत त्यांच्यासाठीं रिकामी जागा ठेवावी, दुसऱ्या कोणाला तरी आठवतील. हें काम उद्यांवर टाकूं नये. चित्रांतील माणसें कागदावर पुष्कळ वर्षें टिकतात. त्यांचीं नांवें जाणणारीं माणसें मात्र तितकीं टिकत नाहींत.